रेव्हलस्टोकचा बर्फ आणि पाठीवरची पिशवी

आषाढात घाटात दरड कोसळली की एसटी अडते, दूध-भाजी अडते आणि दोन दिवस साऱ्या पंचक्रोशीत तोच विषय असतो. कॅनडा देशाच्या पश्चिमेला ब्रिटिश कोलंबिया नावाचा प्रांत आहे. तिथेही दरडी कोसळतात, पण त्या बर्फाच्या, आणि हिवाळा सुरू झाल्यापासून पार वसंत ऋतूपर्यंत. त्या प्रांतातल्या रेव्हलस्टोक या गावाची, तिथे बर्फावर धावणाऱ्या गाड्यांची आणि त्या गाडीवाल्यांच्या पाठीवर असणाऱ्या एका पिशवीची ही हकिकत आहे. असली पिशवी आपल्या काय कामाची, असे तुम्ही म्हणाल. पण जी वस्तू वर्षानुवर्षे गप्प बसते आणि एकाच क्षणी कामाला यावी लागते, तिची निगा कशी राखायची, हा प्रश्न तुमच्या-आमच्या घरातही आहेच. म्हणून थोडे दूर जाऊन येऊ.

व्हँकुव्हर बंदराहून मोटारीने पूर्वेकडे निघा. पहिले शंभर किलोमीटर तुम्हाला परके वाटणारच नाहीत. फ्रेझर नदीचे ते खोरे आहे. दोन्ही बाजूंना गाईंचे गोठे, मक्याची शेते आणि ब्लूबेरीच्या बागा दिसतात. त्या बागांचे कित्येक मालक पंजाबातून गेलेले शीख शेतकरी आहेत. पुढे रस्ता डोंगरात चढतो, मग कॅमलूप्सच्या कोरड्या माळरानावर उतरतो. तिथे मोठमोठे गुरांचे कळप चरतात. त्यानंतर तळी लागतात, झाडी दाट होते आणि क्रेगेलॅखी नावाचे एक छोटे ठिकाण येते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याकडून आलेला आणि पश्चिम किनाऱ्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग ७ नोव्हेंबर १८८५ रोजी इथे जोडले गेले. तिथून पाऊण तासात रेव्हलस्टोक. व्हँकुव्हरपासून एकूण अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर.

गाव कोलंबिया नदीच्या काठी आहे. एका अंगाला मोनाशी पर्वत, दुसऱ्या अंगाला सेलकर्क. वस्ती आठ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या बाजारपेठेच्या गावाएवढी. रेल्वे कंपनी पैशांच्या अडचणीत असताना लंडनच्या ज्या बँकेने तिला हात दिला, त्या बँकेच्या लॉर्ड रेव्हलस्टोक यांचे नाव गावाला दिले आहे. रेल्वे, लाकूडतोड, धरणे आणि आता पर्यटन, यांवर गाव पोट भरते. पण गावाचे खरे पीक म्हणाल तर बर्फ. गावाजवळच्या माउंट कोपलँडवर १९७१-७२ च्या हिवाळ्यात एकूण २४ मीटरांहून अधिक बर्फ पडल्याची नोंद आहे. आठ मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. तो कॅनडातला विक्रम आहे.

डोंगराचा जुना हिशेब

या बर्फाने माणसांची किंमत फार पूर्वीच वसूल केली आहे. गावाच्या पूर्वेला रॉजर्स पास ही खिंड आहे. रेल्वे तिथूनच जात असे. ४ मार्च १९१० च्या रात्री एका डोंगरावरून आलेल्या बर्फाने रूळ गाडले होते आणि कामगारांची टोळी ते उपसत होती. तेवढ्यात समोरच्या डोंगरावरून दुसरी दरड आली. ५८ माणसे गेली. त्यांत निम्म्याहून जास्त पोटासाठी जपानातून आलेले मजूर होते. पुढे रेल्वेने हार मानली आणि १९१६ मध्ये खिंडीखालून आठ किलोमीटरचा कॉनॉट बोगदा काढला.

१९६२ मध्ये त्याच खिंडीतून मोटाररस्ता सुरू झाला. आज तिथे कॅनडाचे लष्कर तोफा घेऊन बसते. ऐकून नवल वाटेल, पण शत्रू तिथे कोणी नाही. डोंगरावर साठलेला बर्फ मोठा होण्याआधीच, रस्ता बंद ठेवून, तोफेच्या गोळ्याने पाडून टाकतात. फोड पिकण्याआधी फोडावा, तसेच हे. त्या रस्त्यावरून जाणारा ट्रकवाला बिनघोर जातो तो यामुळे.

पण तोफा रस्त्यापुरत्या. रस्ता सोडून जो डोंगरात शिरला, त्याची राखण त्यानेच करायची. आणि रेव्हलस्टोकला लोक येतात ते रस्ता सोडून डोंगरात शिरायलाच.

एका बापाने केलेली गाडी

बर्फावर धावणारी गाडी, म्हणजे स्नोमोबाइल, मुळात हौसेसाठी जन्मली नाही. कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, क्वेबेक प्रांतात, वालकूर नावाचे खेडे आहे. तिथे जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियर नावाचा तरुण मिस्त्री होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या आजाराने तळमळू लागला. रस्ते बर्फाने बुजलेले. दवाखान्यापर्यंत नेता आले नाही आणि मूल दगावले. पावसाळ्यात ओढ्याला पूर आल्यामुळे ज्यांच्या वाडीची वाट तुटते, त्यांना या दुःखाची ओळख सांगायला नको. बॉम्बार्डियर आधीपासूनच बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या खटपटीत होता. त्यानंतर त्याने ती तडीस नेली. १९३७ मध्ये त्याला पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीचे पेटंट मिळाले. डॉक्टर, टपालवाले आणि शाळेची मुले त्या गाड्यांतून जाऊ लागली. १९५९ मध्ये त्याने एकट्या-दुकट्याने बसायची छोटी गाडी काढली. तिचे नाव स्की-डू.

आजची डोंगरी स्नोमोबाइल मात्र वेगळेच जनावर आहे. पुढे दोन फाळ, मागे रुंद रबरी पट्टा आणि दीडशे अश्वशक्तीचे इंजिन. आपला गावातला ट्रॅक्टर चाळीस-पन्नास अश्वशक्तीचा असतो. त्याच्या तिप्पट ताकद दोनशे-अडीचशे किलोच्या गाडीत कोंबलेली. अशी गाडी खड्या उतारावर जिथवर चढेल तिथवर चढवायची आणि वळवून खाली आणायची, हा तिथला खेळ आहे. ज्याची खूण सर्वांत वर, तो बहाद्दर. आपल्या शंकरपटाची ईर्ष्या आठवा म्हणजे कळेल.

इथेच घोडे पेंड खाते. तीस ते पंचेचाळीस अंशांचा जो उतार गाडीला आवडतो, तोच उतार दरडीलाही आवडतो. बर्फ थराथराने साचतो. मधला एखादा थर भुसभुशीत राहिला की वरचा सारा थर त्यावर नुसता टेकलेला असतो. वरून गाडी गेली की तो एकदम सुटतो आणि शेताएवढा तुकडा घसरू लागतो. २८ डिसेंबर २००८ रोजी याच प्रांतातल्या फर्नी गावाजवळ अकरा स्नोमोबाइलवाले अडकले. एका दरडीत काही गाडले गेले, इतर त्यांना उकरायला धावले आणि त्यांच्यावर दुसरी आली. आठजण गेले. सगळे एकाच छोट्या गावचे. त्यानंतर १३ मार्च २०१० रोजी रेव्हलस्टोकच्याच बोल्डर माउंटनवर सुमारे दोनशे लोक चढाईची गंमत पाहायला जमले होते. दरडीचा धोका असल्याची सूचना आधीच दिलेली होती. तरी गाड्या चढल्या आणि दरड गर्दीवर आली. दोघे दगावले, तीसएक जखमी झाले.

पिशवी तरते कशी?

आता त्या पिशवीकडे वळू. गोष्ट १९७० नंतरच्या दशकातली, जर्मनीच्या बव्हेरिया भागातली. जोसेफ होहेनेस्टर नावाचा वनरक्षक शिकार केलेले जनावर खांद्यावर टाकून डोंगर उतरत असताना बर्फाच्या दरडीत सापडला. पण तो गाडला गेला नाही, वरच राहिला. त्याने विचार केला: अंगावर मोठा बोजा असून मी वर कसा राहिलो? मग त्याने फुगे आणि डबे बांधून प्रयोग केले. पुढे म्युनिकच्या पीटर आशाउअर यांनी ती कल्पना विकत घेतली आणि १९८५ मध्ये अशी पहिली सॅक बाजारात आणली.

यामागचे तत्त्व तुम्हाला रोज दिसते. पाटीत भुरी माती आणि ढेकळे एकत्र घ्या आणि हलवा. बारीक माती खाली जाते, मोठी ढेकळे वर येतात. वाहणारी दरड म्हणजे अशीच हलणारी पाटी. तिच्यात माणूस हे मधल्या आकाराचे ढेकूळ. त्याचा आकार एकदम वाढवला, तर तो वर येतो. सॅकच्या खांदपट्ट्याला एक मूठ असते. ती जोरात ओढली की नळकांड्यातली दाबलेली हवा किंवा नायट्रोजन सुटतो, तो बाहेरची हवाही आत ओढतो आणि चार-पाच सेकंदांत दीडशे लिटरची पिशवी फुगते. दीडशे लिटर म्हणजे आपल्या दहा घागरी. काही नव्या सॅकमध्ये नळकांड्याऐवजी विजेचा पंखा असतो.

हे करायचे कारण काय? गाडल्या गेलेल्या माणसाला दहा मिनिटांत उकरले तर तो बहुधा जगतो. अर्धा तास उलटला की आशा फार थोडी उरते. दवाखाना दूर, बचावपथक त्याहून दूर. तेव्हा मुळात गाडलेच न जाणे उत्तम.

कॅनडातले अभ्यासक पास्कल हेगेली आणि त्यांच्या अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अशा अपघातांचा हिशेब मांडला. दरडीत चांगलेच सापडलेल्या लोकांत, पिशवी न फुगलेल्यांपैकी शंभरात बावीस मेले. पिशवी फुगलेल्यांपैकी अकरा. म्हणजे मरण निम्म्यावर आले. पण पूर्ण टळले नाही, हे ध्यानात ठेवा. झाडावर आपटून, कड्यावरून पडून मरणाऱ्याला पिशवी वाचवत नाही. अरुंद घळीत बर्फ वरून साचत गेला तरी ती लाचार असते.

त्याच हिशेबातली दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावते. सॅक पाठीवर असूनही दर पाचांपैकी एकाची पिशवी फुगलीच नाही. का? त्यांतल्या शंभरातल्या साठांनी मूठ ओढलीच नाही, किंवा त्यांना ती ओढता आली नाही. साधारण बाराजणांनी निगा राखण्यात चूक केली होती. बारांची पिशवी दरडीतच फाटली. यंत्राचा स्वतःचा दोष होता तो सतरांच्या बाबतीत. म्हणजे चारांतल्या जवळजवळ तिघांचे नशीब यंत्राच्या नव्हे, माणसाच्या हाती होते.

निगा कशी राखतात?

म्हणून तिथला जाणता माणूस हिवाळा तोंडावर आला की सॅक खुंटीवरून काढतो. आपण मृगाआधी तिफण-पाभर काढून पाहतो, त्यातलाच हा प्रकार. तो काय काय पाहतो ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, वर्षातून एकदा तरी पिशवी खरोखर फुगवून पाहायची. मूठ ओढायला किती जोर लागतो हे हाताला कळले पाहिजे, तेही जाड हातमोजा घालून. फुगलेली पिशवी काही वेळ तशीच ठेवायची. हवा उतरली तर कुठे तरी छिद्र आहे. मग ती पूर्ण वाळवून, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्या रीतीनेच घडी घालायची. साडीची घडी आपल्या मनाने घातली तर चालते. ही नाही चालत.

दुसरी गोष्ट नळकांड्याची. मोटारीच्या टायरमध्ये साधारण तीस पौंडांचा दाब असतो. या नळकांड्यात काहींच्या बाबतीत दोन हजार सातशे पौंड असतो, काहींच्या बाबतीत त्याहूनही जास्त. काहींना दाबाचा काटा असतो. तो हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दर फेरीआधी पाहायचे. ज्यांना काटा नाही, ते नळकांडे तराजूत घालून वजन पाहायचे आणि त्यावर छापलेल्या वजनाशी ताडून घ्यायचे. वजन घटले म्हणजे वायू गळाला. जोडावरचे रबरी वायसर तडकले असेल तर बदलायचे. आणि नळकांडे शेवटपर्यंत घट्ट बसवले आहे याची खात्री करायची. निम्म्या आट्यांवर राहिलेले नळकांडे बाहेरून अगदी बरोबर दिसते, आणि मूठ ओढली की फसवते. पंख्याची सॅक असेल तर तिची वीज भरलेली आहे का ते पाहायचे, कारण थंडीत बॅटरी लवकर दम तोडते.

तिसरी गोष्ट स्नोमोबाइलवाल्यांची खास. गाडीचे हादरे, पेट्रोल-तेलाचे थेंब, तापलेली नळी आणि झाडांच्या फांद्या, हे सारे कापडाचे वैरी. शिवण उसवली आहे का, पट्टा कुठे चरला आहे का, हे बोटांनी चाचपायचे. गाडीचा वेग उजव्या अंगठ्याने धरलेला असतो, म्हणून अनेकजण मूठ डाव्या हाताने ओढता येईल अशी सॅक घेतात. दोन पायांमधून जाणारा पट्टा न विसरता बांधायचा. तो नसेल तर दरड सॅक डोक्यावरून ओढून नेते आणि पिशवी एकीकडे, माणूस दुसरीकडे.

चौथी गोष्ट सगळ्यांत सोपी, आणि तीच विसरली जाते. मूठ प्रवासात चेन लावून झाकून ठेवतात. डोंगरावर पोचल्यावर ती उघडायची असते. झाकलेली मूठ म्हणजे कुलूप लावलेल्या घरातली विहीर.

शिवाय पिशवी एकटी पुरत नाही. गाडलेल्याचा ठाव सांगणारा ट्रान्सीव्हर, टोचून पाहायची लांब सळई आणि फावडे हेही हवे. हे सामान अंगावर हवे, गाडीवर नको. दरडीत गाडी आधी जाते. उतारावर एका वेळी एकानेच जायचे, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. ॲव्हलांच कॅनडा या संस्थेचे मुख्य ठाणे रेव्हलस्टोकलाच आहे. हिवाळाभर ती दरडीच्या धोक्याचा अंदाज एक ते पाच अशा आकड्यांत देते. तो वाचल्याशिवाय निघायचे नाही.

माघारी बोलावलेली वस्तू

आता त्या सतरांबद्दल, ज्यांचे यंत्रच दगा देऊन गेले. कारखान्यातून निघालेल्या मालात दोष सापडला की कंपनी तो माल परत मागवते. २०१३ मध्ये बॅककंट्री ॲक्सेस या अमेरिकन कंपनीने आपल्या फ्लोट नावाच्या सॅक अशाच माघारी बोलावल्या. मूठ ओढूनही खटका न उडण्याचा संभव होता. २०२१ मध्ये ब्लॅक डायमंड कंपनीने पीप्स नावाचे काही ट्रान्सीव्हर परत मागवले. त्यांची कळ धक्क्याने सरकून संदेश पाठवणे बंद पडण्याची भीती होती. अमेरिकेत ग्राहकांच्या वस्तूंसाठी सरकारी आयोग आहे, कॅनडात आरोग्य खाते आहे. त्यांच्यामार्फत सूचना निघते. कोणता नमुना, कोणत्या साली विकलेला, कोणता क्रमांक, हे त्यात असते. मालकाने वस्तू वापरणे थांबवायचे आणि दुरुस्ती किंवा बदली फुकट करून घ्यायची.

परत मागवणे म्हणजे कंपनीची अब्रू गेली, असे कोणाला वाटेल. तसे नाही. दोष लपवणारी कंपनी वाईट. सांगणारीने निदान वाट मोकळी केली. खरी अडचण पुढेच आहे. सूचना पोचणार कोणाला? ज्याने विकत घेताना आपले नाव आणि क्रमांक कळवला, त्याला. ज्याने मित्राकडून जुनी सॅक निम्म्या किमतीत घेतली, त्याचे नाव कंपनीच्या वहीत नाही. तो दोषी सॅक पाठीवर टाकून निर्धास्त डोंगर चढतो. म्हणून तिथले अनुभवी लोक सांगतात की जुनी सॅक घेण्याआधी तिचा क्रमांक सूचनांच्या यादीशी ताडून पाहा, मगच पैसे द्या.

यात आपल्यासाठी नवीन काय? बियाणे उगवले नाही तर तक्रारीला पिशवी, तिच्यावरचा लॉट नंबर आणि पावती लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्याने पिशवी चुलीत घातली त्याची बाजू लंगडी पडते. मोटारी आणि दुचाकी आपल्याकडेही कंपन्या परत मागवतात, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सदोष वाहने परत मागवायला लावण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. पण जुनी मोटारसायकल घेऊन नाव बदलून न घेणारा गडी त्या सूचनेच्या बाहेरच राहतो.

घरातल्या गप्प वस्तूही पाहा. स्वयंपाकघरातल्या गॅसच्या टाकीवर, वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर, एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. बी-२७ असेल तर ती टाकी २०२७ च्या जूनअखेर तपासणीला गेली पाहिजे. मुदत उलटलेली टाकी आली तर घेऊ नका, बदलून मागा. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्हही वर्षानुवर्षे काही बोलत नाही. तो कडक झाला असेल तर त्याच कंपनीचा नवा बसवा, दुसरा कसला तरी ठोकून देऊ नका.

आणखी एक सांगायचे आहे. आपल्या गावांतली पोरे सैन्यात आहेत, काश्मीर आणि लडाखच्या बर्फात पहारा देतात. आपल्याकडची नवविवाहित जोडपी गुलमर्गला जातात आणि तिथे भाड्याच्या स्नोमोबाइलवर बसतात. तीच जागा वर अफरवटच्या उतारांवर फार वेगळी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीबहाद्दर दरडीखाली गेले. लष्कराला आपल्या संरक्षण संशोधन खात्याकडून हिमस्खलनाचे अंदाज मिळतात. पर्यटकाने मात्र स्वतः विचारायला हवे. तुमच्या घरचे कोणी तिकडे निघाले असेल, तर स्वेटर-कानटोपीबरोबर एवढे सांगून पाठवा: ठरवलेल्या सपाट वाटेवरच गाडीत बसा, ताजा बर्फ पडल्यावर दोन दिवस खड्या उताराजवळ जाऊ नका, आणि तिथला माणूस नको म्हणाला तर दिलेले पैसे गेले असे समजून मागे फिरा.